बचावफळीतल्या चौघींसाठी सहा महिन्यांचा आधार हवा

सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडी भागातल्या चार मुली यंदा कॉलेजचं फुटबॉल संपवून व्यावसायिक क्लबांच्या चाचण्यांना जाणार आहेत. दोघी स्टॉपर (बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्या), दोघी साइड बॅक (कडेने बचाव करणाऱ्या). त्यांच्या सहा महिन्यांच्या खर्चासाठी मंडळ आपल्याकडे मदत मागत आहे.

बचावपटूंनाच का? गोल मारणारीचं नाव पेपरात येतं. स्टॉपरने दीड तास समोरच्या फॉरवर्डला गोलपासून लांब ठेवलं, याची नोंद कुठेच होत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेची पश्चिम विभागीय फेरी थोड्या दिवसांत आटोपते. बाद फेरीत संघ हरला की चांगली स्टॉपरही निवड करणाऱ्यांच्या नजरेआड जाते. लोइतोंगबाम आशालता देवी स्टॉपर असूनही २०१८-१९ ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली, पण तिला बघायला भारताचे सामने होते. आपल्या मुलींना व्हिडिओवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि तिथेच गाडं अडतं. कुणीतरी मोबाइल उभा धरून चेंडूच्या मागे फिरवतं. बचावपटूचं खरं काम चेंडू लांब असताना चालतं: बचावफळीची रेषा पुढे कधी सरकवली, साइड बॅक वर गेल्यावर मागची जागा कुणी भरली. त्या व्हिडिओत ती दिसतच नाही. कॅमेरा मध्यरेषेजवळ, ४-५ मीटर उंचीवर, मागचे चारही खेळाडू मावतील एवढी चौकट ठेवून लावायला हवा. क्लबला संपूर्ण ९० मिनिटांचं चित्रण आणि सोबत ४-५ मिनिटांची निवडक फीत पाठवतात. मध्यंतरालाच बॅटरी संपली तर अर्धा सामना वाया, म्हणून पॉवर बँकही हवी. गणपतीचे मांडव घालणाऱ्या आपल्याच माणसांनी सामन्याच्या दिवशी मचाण उभारून दिलं, तर उंचीचा प्रश्न पैशांवाचून सुटेल.

दुसरी चिंता गुडघ्याची. एसीएल या अस्थिबंधाची दुखापत स्त्री खेळाडूंना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. बचावपटूला तर फॉरवर्डच्या तालावर उलटं धावत एकदम वळावं लागतं. उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानासाठी आखूड स्टडचे (तळव्याच्या खुंट्यांचे) एफजी बूट आणि कृत्रिम गवतासाठी एजी बूट लागतात. एकच जोड सगळीकडे वापरला की स्टड गवतात रुततो, पाय अडकतो आणि गुडघा पिरगळतो. सरावाआधी ‘फिफा ११+’ हा २० मिनिटांचा, १५ व्यायामांचा क्रम आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. मुली धावण्याचा भाग करतात; मांड्या आणि तोल सांभाळण्याचा मधला, १० मिनिटांचा कंटाळवाणा भाग टाळतात. दुखापत रोखणारा भाग नेमका तोच. त्यासाठी आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट डोळ्यांसमोर हवा.

२०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये भारतीय महिला लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर, काही महिने चालली. आठवडाभराच्या कॉलेज स्पर्धेची सवय झालेलं शरीर तिथे टिकवायचं तर खाणं बदलावं लागतं. ५५ किलोच्या खेळाडूला रोज साधारण ८५-९० ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळ-भात-पोळीत ती भरत नाहीत. दूध, पनीर, सोयाबीन, अंडी वाढवावी लागतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वर आणायचं, मग धावण्याच्या चाचण्या.

एका मुलीचा हिशोब असा: दोन जोड बूट ९,०००, आहार दरमहा ३,००० प्रमाणे १८,०००, चाचण्यांचा प्रवास ९,०००, फिजिओथेरपी ६,०००. एकूण ४२,००० रुपये, चौघींचे १,६८,०००. कुणी एका महिन्याचा आहार उचलला तरी चालेल. व्यायामगुरू माणिकरावांच्या व्यायाममंदिराच्या या शहरात खुराकाचं महत्त्व कुणाला पटवावं लागू नये.

वस्तूरूपाने मदत करायची असेल तर पाच नंबरचे चेंडू, ट्रायपॉड किंवा सरावाचे शंकू द्या. वापरलेले बूट कृपया देऊ नका; ते दुसऱ्याच्या पायाच्या ठेवणीत बसलेले असतात. ट्रॉफ्याही नकोत.

रक्कम मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ दरम्यान ३० जूनपर्यंत द्यावी. पावती लगेच मिळेल आणि खर्चाचा तक्ता दरमहा फळ्यावर लागेल. एखादी मुलगी मध्येच थांबली, तर तिच्या वाट्याची उरलेली रक्कम दात्याला विचारूनच दुसरीकडे वळवू.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, वडोदरा