भराव टाकणाऱ्याने पाण्याची वाटही ठेवावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सोलापूरला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरच्या सुमारास, थोड्याच दिवसांत, जोरदार सरींनी येऊन जातो. एरवी टंचाईची सवय असल्याने आपल्याकडे घर बांधताना पाणी साठवायच्या टाकीची चर्चा महिनाभर चालते; पडलेले पाणी प्लॉटबाहेर कोठून जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला तेव्हा सर्वांचे लक्ष नदीकाठच्या गावांकडे गेले, ते योग्यच होते. परंतु नदी किंवा नाला जवळपासही नसलेल्या घरांत दर मोठ्या पावसाला पाणी शिरते, त्याची कारणे बहुधा शेजारच्या आवारातच सापडतात. या पत्रात मला त्याविषयी लिहायचे आहे.

हद्दवाढ भागातील कोणत्याही जुन्या वसाहतीत हे पाहता येईल. पहिली घरे मूळ जमिनीच्या पातळीवर जोता धरून बांधली गेली. पुढे शेजारच्या मोकळ्या प्लॉटचा मालक आला, त्याने दोन-तीन फूट मुरमाचा भराव टाकला, सभोवती पेव्हर ब्लॉक बसवले आणि गच्चीचे पाइप सामाईक भिंतीच्या कडेला सोडून दिले. त्यात रस्ता दर वेळी जुना थर न खरवडता वरच्या वर चढत गेला, म्हणजे मूळच्या घराला दोन्ही बाजूंनी खड्डा झाला. 1,200 चौरस फुटांच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे अकरा हजार लिटर पाणी जमा होते. उन्हाळ्यात एवढ्याच पाण्याचा टँकर आपण पैसे मोजून मागवतो, आणि सप्टेंबरात तेच पाणी शेजाऱ्याच्या अंगणात फुकट सोडतो.

घरात पाणी शिरले नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असेही समजू नये. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पायाला लागून पाणी मुरत राहिले तर जोत्याला व भिंतींना तडे जातात, फरशी उचलली जाते. आणि हे पावसानंतर काही महिन्यांनी दिसू लागत असल्यामुळे त्याचा दोष कोणी भरावाला देत नाही.

कायद्याची भूमिका याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. 1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा सांगतो की, वरच्या जमिनीवर पडलेले किंवा तेथे आपोआप उगवलेले पाणी नैसर्गिक उताराने खाली येत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ दिले पाहिजे. यातला ‘नैसर्गिक’ हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. गच्चीवर गोळा करून पाइपने एका ठिकाणी सोडलेले, किंवा भराव टाकून उतारच फिरवल्यामुळे आलेले पाणी सोसण्याचे बंधन या तरतुदीने शेजाऱ्यावर येत नाही. त्याच वेळी खालच्या मालकानेही पूर्वापार वाहत्या वाटेवर सलग आवारभिंत घालून पाणी वरच्याच्या दारात तुंबवणे चूक आहे. मोरीसाठी एक भोक ठेवा म्हटले की ‘माझी हद्द आहे’ असे उत्तर येते. पण हद्द मोजणीने ठरते, पाण्याचा ढाळ नाही.

अडचण आहे ती दाद मागण्याची. शेतकऱ्यासाठी 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. शेती, चराई, झाडे किंवा पिकांसाठी वापरातल्या जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याला कोणी बेकायदा अडथळा केला आणि त्याने नुकसान होत असेल, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येते. तहसीलदार प्रत्यक्ष जागा पाहून अडथळा काढायला लावू शकतो. शहरातल्या घरमालकाला ही सोय नाही. त्याला दिवाणी न्यायालयात मनाई हुकमासाठी दावा लावावा लागतो, आणि तो निकाली निघेपर्यंत कितीतरी पावसाळे जातात. शेजाऱ्यावर दावा लावायची हिंमत तरी किती जण करतील? बहुतेक जण शेवटी स्वतःच्याही प्लॉटवर भराव टाकतात, म्हणजे तिसऱ्याचा खड्डा होतो.

गुंठेवारीत हा प्रश्न आणखी बिकट आहे. गावाच्या जुन्या नकाशात ओढे-नाले दाखवलेले असतात, पण गुंठा-दोन गुंठे पाडून विकताना तो नकाशा कोणी पाहत नाही, आणि घेणारा उन्हाळ्यात कोरडी जागा पाहून व्यवहार करतो. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने बांधकाम नियमित करून घेता येते. त्याने पाण्याचा प्रवाह मात्र बदलत नाही. प्लॉट घेणाऱ्याने भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढून पाहावा आणि एका मोठ्या पावसात जागेवर उभे राहावे. व्यवहार महिनाभर लांबला तरी चालेल.

राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 500 चौरस मीटर व त्यावरील प्लॉटवरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. हद्दवाढ भागातली बहुसंख्य घरे त्याहून लहान प्लॉटवर आहेत, म्हणून ती या अटीतून सुटतात. माझी सूचना अशी की, बांधकाम परवानगीच्या नकाशात सध्याची जमीन, होणारा भराव, लगतचा रस्ता आणि दोन्ही बाजूंचे शेजारी प्लॉट यांची पातळी दाखवणे सक्तीचे करावे, मग प्लॉट एक गुंठ्याचा का असेना. गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात, बोअरच्या पुनर्भरणात किंवा रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडलेले आहे, हे अभियंत्याने जागेवर पाहिल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. काळ्या मातीत आणि खालच्या खडकात पाणी लवकर मुरत नाही, म्हणून शोषखड्डा जोत्यापासून आणि शेजाऱ्याच्या पायापासूनही दूर असला पाहिजे. मैलावाहिनीच्या चेंबरमध्ये गच्चीचा पाइप जोडणाऱ्यांची तर वेगळी तपासणी व्हावी, कारण त्या वाहिनीत पावसाचे पाणी मावत नाही आणि ते खालच्या घरातील शौचालयातून वर येते.

ज्यांची घरे आधीच बांधून झाली आहेत, त्यांच्यासाठी प्रभाग पातळीवर एक अधिकारी नेमून त्याला तहसीलदारासारखे जागा पाहून ठराविक मुदतीत आदेश देण्याचे अधिकार मिळावेत. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, तेव्हा शहरातील आमदारांनी हा विषय विधिमंडळात मांडावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रातून करीत आहे.

आपला,
एक वाचक
जुळे सोलापूर