‘शेतकऱ्यां’च्या डोक्यावरचा रफार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या संकेतस्थळावर ‘शेतकर्यांना भरपाई कधी?’ असा मथळा होता. छापील अंकात तोच शब्द ‘शेतकऱ्यांना’ असा अचूक होता. म्हणजे उपसंपादकांचे शुद्धलेखन चुकलेले नाही, बिघाड पुढे संगणकात झाला आहे. मुद्रितशोधनाच्या कामात मला हा बिघाड रोज भेटतो, म्हणून त्याचे मूळ सविस्तर लिहितो.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, र, हलन्त आणि य ही चिन्हे एकापुढे एक आली की संगणक ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतल्यासारखा रफार काढतो. ‘वाऱ्यावर’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला आडव्या रेघेचा अर्धा र मिळवण्याचे मार्ग दोन आहेत. पहिल्यात साधा र (०९३०) आणि हलन्त (०९४डी) यांच्यानंतर एक अदृश्य जोडक (२००डी) घालावा लागतो. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ (०९३१) आणि त्याला हलन्त, एवढेच पुरते. हा ऱ युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी भाषांतला एक वेगळा र लिहिण्यासाठी आहे, पण त्याचे अर्धे रूप म्हणून तिथे आपलाच अर्धा र नोंदलेला आहे.

पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात आणि घोळ तिथेच होतो. जोडक डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना एखादे सॉफ्टवेअर तो निरुपयोगी समजून गाळून टाकते. मागे र आणि हलन्त उरतात आणि शेतकऱ्यांच्या डोक्यावर रफार चढतो. जोडक टिकला तरी शोध फसतो. एका स्मरणिकेचे काम करताना ‘वऱ्हाड’ हा शब्द समोरच्या पानावर तीनदा दिसत असूनही शोधखिडकी ‘सापडला नाही’ म्हणत होती, कारण लेखकाने जोडक वापरला होता आणि मी ऱ टंकला होता. आडनावात हा अर्धा र असलेल्या माणसाचे नाव यादीत असूनही सापडू नये, हे किती त्रासाचे होत असेल!

वास्तविक टंकन अवघड नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो. पुढे नेहमीचा हलन्त आणि य किंवा ह.

आपल्या संगणक विभागाने मजकूर संकेतस्थळावर जाण्यापूर्वीच ‘र, हलन्त, जोडक’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालण्याची सोय करावी, ही विनंती. हा बदल यंत्रावर निर्धास्त सोपवता येतो. जुन्या बातम्यांत जिथे जोडक आधीच गळाला आहे तिथे मात्र जाणत्या माणसालाच वाचावे लागेल. ‘शेतकर्यांना’ असा शब्दच नसल्याने तो शब्दयादीवरून सुधारता येईल. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र की डोंगरातल्या दऱ्या, निमंत्रण आचार्यांना होते की आचाऱ्यांना, हे वाक्य वाचल्याखेरीज कळणार नाही. आपल्याकडे मुद्रितशोधक आहेत. छापील पानाइतकेच संकेतस्थळही त्यांच्या नजरेखालून जावे.

आपला,
एक मुद्रितशोधक, पुणे