बाबा, घट धरायची राहिली

नाशिक, भांडी बाजार
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर आई म्हणाली, "बाबा हल्ली पेपरसुद्धा उघडत नाहीत, नुसते गॅलरीत बसून असतात." मग बाबा, तुम्ही फोन घेतलात आणि एवढंच म्हणालात, "दुकानाचं मला विचारू नकोस. माझा हिशेब कसा चुकला ते तू बघितलंयस." त्या रात्री मला झोप लागली नाही. जे सांगायचंय ते फोनवर धड सांगता येत नाही, मध्येच गळा भरून येतो, म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थ सांगतात की तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. माझी पाटी पुसून पुन्हा लिहायला लावताना तुम्हीच हे मला सांगितलं होतंत.

तुम्ही दादाकडे पुण्याला गेलात त्याला दोन वर्षं झाली. आपलं भांड्यांचं दुकान अंगावर आलं तेव्हा मला भाव माहीत होते, गिऱ्हाईक माहीत होतं, पण धंदा कसा चालवायचा ते कुठे माहीत होतं? तुम्हाला विचारायला जावं तर तुम्ही गप्प. मग सुट्टीच्या दिवशी सावानात जायला लागले. लहानपणी मला गोष्टीचं पुस्तक घेऊन द्यायला तुम्ही टिळक पथावर सायकलवरून न्यायचात, तेच आपलं १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय. धंदा, बाजार, गुंतवणूक, नेतृत्व अशा विषयांवरचं जे मिळेल ते वाचत गेले. पुष्कळ पुस्तकं पन्नास पानांत परत केली. लवकर श्रीमंत व्हायचं गुपित सांगणारी तर मी आता हातातही धरत नाही. पण चार-पाच पुस्तकांनी मला धरून ठेवलं, आणि प्रत्येकात कुठेतरी तुम्ही दोघं भेटलात. तेच सांगायचंय.

पहिलं बेंजामिन ग्रॅहमचं, १९४९ सालचं 'द इंटेलिजेंट इन्व्हेस्टर'. बाबा, पुस्तकाआधी ह्या माणसाची गोष्ट ऐका. जन्म १८९४ चा, लंडनचा, पण वाढला न्यूयॉर्कात. वडील लवकर वारले. आईने उसन्या पैशावर शेअर घेतले होते, ते १९०७ च्या मंदीत बुडाले. मुलगा शिकला, बाजारात नाव कमावलं, लोक विश्वासाने पैसे सांभाळायला देऊ लागले. आणि १९२९ ते १९३२ ह्या पडझडीत त्याच्या हातातल्या पैशांपैकी सुमारे ७० टक्के गेले. स्वतःचे आणि लोकांचेही. तो घरात बसून राहिला नाही. कुठे चुकलं ते शोधत राहिला, पुढे शिकवत राहिला, आणि दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. वॉरन बफे १९ वर्षांचा असताना त्याने हे पुस्तक वाचलं आणि आयुष्यभर त्याचे गोडवे गायले.

ह्या पुस्तकात गुंतवणूक आणि सट्टा ह्यांतला फरक सांगितलाय. नीट तपासून घेतल्यावर मुद्दल सुरक्षित राहील आणि पुरेसा परतावा मिळेल अशी खात्री वाटते, ती गुंतवणूक. बाकी सगळा सट्टा. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आपल्या घरात शेअर हा शब्द काढला की तुम्ही म्हणायचात, "सट्टा आपल्या घराण्यात नाही." आणि पतसंस्थेत ठेवून बुडालेले सहा लाख? बँका सात टक्के देत होत्या तेव्हा तिथे बारा मिळत होते. ताळेबंद आपण कोणी पाहिला नाही. संचालक ओळखीचे, गणपतीला घरी येणारे, तेवढ्यावर पावती घेतली. सट्टा शेअरबाजारातच असतो असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात ग्रॅहम सगळं शहाणपण एका गोष्टीत आणून ठेवतो: चुकायला जागा ठेवून भाव द्यायचा. वस्तू शंभराची वाटते तर शंभर देऊ नये, कारण आपला अंदाज चुकू शकतो. बाबा, हे तर मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून रोज बघितलंय! कोणी जुन्या भांड्यांची मोड घेऊन आलं की तुम्ही हंडा उलटा करायचात, बुडाला टिचकी मारून आवाज ऐकायचात, डाग दिलेला सांधा नखाने खरवडून बघायचात, आणि मग काट्यावरच्या वजनातून घट धरायचात, म्हणजे थोडं वजन कमी धरून भाव द्यायचात. गिऱ्हाईक कुरकुरायचं. तुम्ही शांतपणे सांगायचात, "ताई, भट्टीत गेल्यावर ह्यातलं किती पितळ निघेल ते मला आज दिसत नाही. जे दिसत नाही त्याची घट." ग्रॅहमला जे सांगायला शेवटचं प्रकरण लागलं ते तुम्ही एका वाक्यात सांगत होतात. मोडीत चाळीस वर्षं घट धरलीत, ठेवीत धरायची राहिली, एवढंच झालं. तुमचा हिशेब चुकीचा नव्हता, बाबा. तो त्या एका ठिकाणी लावायचा राहून गेला.

आणि त्या दिवशी, पतसंस्थेच्या दाराला कुलूप बघून आपण परत आलो तेव्हा, मी जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "व्याजाच्या हावेपायी घालवलंत," असं मी आईसमोर म्हणाले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, चपला काढून आत गेलात. मी चुकले. ते पैसे तुम्ही हावेने ठेवले नव्हते, माझ्या लग्नाचं कर्ज लवकर फिटावं म्हणून ठेवले होते, हे मला आईने नंतर सांगितलं. मला माफ करा.

आता एक कामाची गोष्ट, ही दादालाही वाचून दाखवा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासकट ५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली, त्याआधी एकच लाख होती. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पाटी सारखीच, काउंटर सारखं, पासबुक सारखं, पण मागे विमा नाही. ही एक ओळ आपल्याला तेव्हा माहीत असती तर! म्हणून आता जे काही आहे ते तुमच्या दोघांच्या नावाने पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचं मी ठरवलंय. साठीनंतर ते खातं काढता येतं आणि २०२३ पासून त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. आपल्याकडे तेवढे नाहीत, पण जे आहेत ते शांत झोपू देतील. माझ्या स्वतःच्या कमाईतून मी निर्देशांक फंडात, म्हणजे शेअरबाजाराच्या निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, महिना तीन हजार टाकते. तो पैसा पंधरा वर्षं लागणार नाही, म्हणूनच तिथे टाकते. ह्यावर तुम्ही रागवणार हे मला माहीत आहे. रागवा, पण समोर बसून रागवा.

दुसरं पुस्तक नव्हेच, एक लेख आहे. थिओडोर लेविट नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक, त्यांनी १९६० साली लिहिलेला. ते म्हणतात, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या मागे पडल्या त्या प्रवासी आणि माल कमी झाला म्हणून नाही. आपला धंदा रेल्वेचा आहे असं त्या समजत राहिल्या, तो वाहतुकीचा आहे हे त्यांना दिसलं नाही. गिऱ्हाईक मोटारीकडे, ट्रककडे, विमानाकडे गेलं.

हे वाचलं त्याच आठवड्यात पंचवटीतून एक बाई आल्या. पिशवीतून पितळेचं तपेलं काढलं, आतून काळं पडलेलं. मला वाटलं मोड आहे, म्हणून मी काटा पुढे ओढला. त्यांनी हात आडवा धरला. तपेलं तिरकं करून काठाखालची अक्षरं दाखवली: आजीचं नाव, खाली १९६८. म्हणाल्या, "आजीच्या लग्नातलं आहे. विकायचं नाही. मुलीला ह्यात पहिलं वरण करून द्यायचंय. कोणी कल्हई करून देतं का हो आता?" मी कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. दुकानामागच्या बोळात भाता लावला. तपेलं तापलं, चाचांनी नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फिरकी मारली आणि काळ्या तळातून चांदीसारखा उजेड वर आला. त्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हटलं, आपण पितळ विकत नाही.

पण हे तुम्ही माझ्याआधी तीस वर्षं ओळखलं होतं. स्टीलने बाजार खाल्ला तेव्हा शेजारच्या दोघांनी दुकानं बंद केली आणि तुम्ही भांड्यांवर नावं घालायचं मशीन आणलंत. आई विचारायची, भांडी खपत नाहीत आणि मशीन कशाला? तुम्ही म्हणालात, "लोक भांडं घ्यायला येत नाहीत, लग्नात द्यायला येतात." लेविटना तुम्ही कधी वाचलं नव्हतंत. त्या बाईंच्या तपेल्यानंतर मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कल्हईचा दिवस ठेवलाय. मागच्या शनिवारी ३१ भांडी आली. २०२७ च्या सिंहस्थासाठी तांब्याचे छोटे कलश करून ठेवावेत का, गोदेचं पाणी घरी नेणाऱ्यांसाठी, हा प्रश्न मात्र मला एकटीला सुटत नाही. पत्रा किती जाडीचा घ्यावा, झाकण फिरकीचं की दाबाचं, कोणत्या तांबटाला काम द्यावं, हे तुम्हीच सांगू शकता.

पीटर ड्रकर ह्यांच्या १९६७ च्या 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह'बद्दल थोडक्यात सांगते. ते म्हणतात, कामाचं नियोजन नंतर करा, आधी आपला वेळ जातो कुठे ते लिहून काढा. मी पंधरा दिवस वहीत लिहिलं. दिवसाचे अडीच तास घाऊक व्यापाऱ्यांना भाव विचारण्याच्या फोनमध्ये जात होते! आता सकाळी अकराला एकदाच फोन करते. गेल्या तीन महिन्यांत संध्याकाळी साडेआठला घरी पोहोचते आणि छकुलीचा अभ्यास मीच घेते.

आई, तुझ्यासाठीही आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले आणि १९७० मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. खरा पुढारी आधी सेवक असतो, असं त्यांचं म्हणणं. तो खरा की खोटा हे ओळखायचं कसं? त्याच्या बरोबरची माणसं मोठी होतायत का, ते बघायचं. मला तुझी भिशी आठवली. बारा जणी, बावीस वर्षं, एकीचाही हप्ता बुडाला नाही. ज्या महिन्यात कोणाकडे आजारपण असेल त्या महिन्यात चिठ्ठी न टाकता भिशी तिला द्यायची, हा नियम तू घातलास, आणि स्वतःचा नंबर कायम शेवटी ठेवलास. त्यातल्या दोघींनी आज पोळी-भाजी केंद्र काढलंय, भांडी आपल्याकडूनच नेली. नेतृत्वावरचं काही वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कुणी कंपनीचा मोठा साहेब येत नाही, तू येतेस.

बाबांना मराठीत वाचायला शंतनुराव किर्लोस्करांचं 'जेट युगातील मराठी माणूस' आणून ठेवलंय. त्यांच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, लोखंडी नांगर केले तेव्हा शेतकरी म्हणायचे की लोखंडाने जमिनीला विष चढेल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० साली कुंडलजवळच्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. इंग्रजी पुस्तकांतलं मी दोनशे पानी वहीत माझ्या शब्दांत मराठीत उतरवतेय. ग्रॅहम आणि लेविट झाले, ड्रकर अर्धे झालेत.

परवा छकुलीला घेऊन टाकळीला गेले होते. समर्थांनी बारा वर्षं तप केलं ती जागा तिला दाखवली. तुम्ही मला दाखवली होतीत त्याच वयात. तिथे बसल्यावर अकराव्या दशकातलं ते आठवलं, जे तुम्ही दुकान उघडताना पुटपुटायचात: सर्व विषयी सावधपण, आणि त्यापुढे लगेच, अत्यंत साक्षेप, म्हणजे झटून केलेला उद्योग. मला वाटतं, पतसंस्थेनंतर तुम्ही सावधपण तेवढं धरून ठेवलंत आणि साक्षेप सोडून दिलात. पुस्तकं वाचून मला एवढं कळतं, पण भांड्याच्या बुडाला टिचकी मारून आवाज ओळखायला मला अजून येत नाही. काल एका हंड्याच्या मोडीत मी किलोमागे पन्नास ग्रॅमची घट धरली आणि रात्रभर विचार करत राहिले की जास्त धरली का कमी. तो हंडा मी वितळवायला पाठवलेला नाही. माळ्यावर तुमच्यासाठी ठेवलाय.

दिवाळीच्या आधी एक महिना दोघं इकडे या. मोतीबिंदूच्या डोळ्याचा नवा नंबर काढून चष्मा तिथूनच करून आणा, म्हणजे वही वाचता येईल. आई, येताना तुझी भिशीची जुनी वही आण, छकुलीला दाखवायचीय. बाबा, गल्ल्यामागच्या खुर्चीला नवी गादी शिवून घेतलीय, गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून थोडी उंच केलीय. बसून बघा आणि उंची बरोबर आहे का ते सांगा.

तुमची,
मंजू