त्या वहीबद्दल, दादा

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही ज्या बंगल्याची देखभाल करता, त्याच्या मालकांच्या वाचनात हे आलं तर तुम्हाला त्रास नको. पण आभार चारचौघांत मानायचे होते. पुण्यातली माझ्या ओळखीची किती तरी माणसं सध्या ‘घर लोणावळ्यात घ्यावं की नाशकात’ याच विचारात आहेत.

मी कोथरूडची. शाळेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि एखादं घर घेऊन ते पाहुण्यांना दोन-तीन रात्रींसाठी भाड्याने द्यावं असं मनात आलं. मन लोणावळ्याकडेच धावत होतं. पुण्याहून लोकलनेसुद्धा जाता येतं, कधीही उठून बघून यावं. एजंटने ऑगस्टमधल्या एका रविवारी बोलावलं. रस्त्यावर गाड्यांची रांग, शेजारच्या बंगल्यांत माणसं मावत नव्हती. मी विसार द्यायच्या बेतात होते. फाटक लावताना तुम्ही हळूच म्हणालात, “ताई, एकदा मंगळवारी येऊन बघा.”

मंगळवारी आले तेव्हा आख्ख्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तुम्ही चहा केलात आणि लांबोडकी वही काढलीत. पाहुण्यांच्या नावांवर तळहात ठेवून फक्त तारखा दाखवल्यात, ते मी विसरणार नाही. शनिवार भरलेला, रविवार अर्धामुर्धा, सोमवार ते गुरुवार कोरे. पान उलटलं, पुन्हा तेच. मग मागच्या खोलीतलं कपाट उघडलंत. आत चादरींच्या घड्यांशेजारी दिवसरात्र बल्ब पेटत ठेवलेला, तरी गादीच्या कडेला पांढरी बुरशी. बोटाने पुसून दाखवलीत आणि म्हणालात, “चार महिने हेच काम.” रंग दरवर्षी, गाद्या दर दोन-तीन वर्षांनी. एजंटच्या हिशेबात यातलं काहीच नव्हतं.

३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्याबद्दलही तुम्ही बोललात. नंतर निर्बंध आले, बुकिंगं रद्द झाली. पण तुमच्या तोंडी पैशांचा विषय नव्हता, त्या लेकरांचा होता.

मी तिथे घर घेतलं असतं तर चाव्या तुमच्याकडेच राहणार होत्या. महिन्याचे पैसेसुद्धा एजंटने तुमच्याशी बोलून ठरवले होते. मुलीच्या कॉलेजची फी समोर असताना तुम्ही ती वही उघडलीत. घरी येताना लोकलमध्ये माझ्या मनात तेच घोळत होतं.

नाशिकलाही मी मंगळवारीच गेले. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबलीचा विधी तीन दिवस चालतो, त्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं वार न बघता मुक्कामाला येतात. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत कामासाठी आलेली माणसं आठवड्याच्या मधल्या दिवसांतच राहतात. द्राक्षांच्या हंगामात गंगापूर धरणाकडच्या वायनरींना जाणारी मंडळी वेगळी. घर विकणारा प्रत्येक जण मात्र २०२७ च्या सिंहस्थाचंच बोलत होता. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच विचारलंत, “आणि त्याच्या पुढच्या वर्षी?” मागचा सिंहस्थ २०१५ चा. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या पर्वणीवर घर चालत नाही. मी कुंभाचा एक रुपयाही न धरता हिशेब मांडला, तरी तो जमला.

पहिला पसंत पडलेला फ्लॅट सोडावा लागला, कारण सोसायटीला रोज नवे पाहुणे नको होते. त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्या ठिकाणी आधी सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र घेतलं, वकिलाकडून ३० वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदपत्रांची तपासणी, करून घेतला, मगच विसार दिला. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतल्याने मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची १ टक्का सवलत मिळाली. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत सरकारला त्याची माहिती देणारा फॉर्म भरायचा, हे खालच्या मजल्यावरच्या वहिनींना शिकवलंय. चाव्या त्यांच्याकडे असतात. दोनशे किलोमीटरवरचं घर सांभाळायचं म्हणजे असं माणूस लागतंच, आणि ते शोधण्यात माझे दोन महिने गेले. तुमच्यासारखं माणूस हवं होतं ना!

पहिले पाहुणे बुधवारी आले. आजी-आजोबा आणि त्यांचा मुलगा, त्र्यंबकला जाणारे. तीन रात्री राहिले.

मीसुद्धा आता तशीच लांबोडकी वही सुरू केली आहे. येत्या मंगळवारी पहिल्या लोकलने येते आहे, वही बरोबर आणते. नावांवर हात ठेवूनच दाखवीन.

तुमची,
कोथरूडची ताई