सर, त्या दिवशी तुम्ही ‘पास’ लिहिलं नाही, त्याबद्दल

सर,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझं कोचचं रेटिंग, म्हणजे स्कायडायव्हिंग शिकवण्याची पहिली पात्रता, झालं. पहिला फोन तुम्हालाच केला, पण फोनवर धड बोलताच आलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखा माणूस भेटावा असं मनापासून वाटतं.

माझी चौथी उडी तुम्हाला आठवते का? त्या उडीला पहिल्यांदाच दोनऐवजी एकच इन्स्ट्रक्टर माझ्यासोबत होता, तो म्हणजे तुम्ही. माझे पाय दुमडलेले होते. तुम्ही दोन बोटं सरळ करून दाखवलीत, मी पाय लांब केले आणि त्यातच अडकून बसलो. मग तुम्ही माझ्या मनगटावरच्या आल्टिमीटरकडे, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाकडे, बोट केलंत. मी मनगटाकडे पाहिलं, काटा दिसला, आकडा मात्र डोक्यात शिरलाच नाही. साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट उघडायचं होतं. तुम्ही तर्जनी रोखलीत, म्हणजे ‘उघड’ अशी खूण केलीत, तरी माझा हात हलला नाही. शेवटी पॅराशूट तुम्हीच उघडलंत.

उतरल्यावर मी आनंदात होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, “आकडा काय होता?” मला सांगता आलं नाही. लॉगबुकात तुम्ही लिहिलंत : ‘पुन्हा’.

तेव्हा राग आला होता, आज कबूल करतो. पण त्यानंतरचा तास तुम्ही माझ्यासाठी दिलात. चटईवर पोटावर झोपवून अंगाची कमान करायला लावलीत. दर पाच सेकंदांनी मनगटाकडे बघायचं आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. पाचच का, तेही समजावलंत : वेग स्थिरावला की हजार फूट जायला साधारण साडेपाच सेकंद लागतात. एक नजर चुकली की हजार फूट गेले. हे गणित मी त्याआधी वाचलं होतं, पण अंगात भिनलं ते त्या चटईवर.

लोक लायसन्सकडे उड्यांच्या आकड्यांनी बघतात. युएसपीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या, नियमांत ए लायसन्सला 25 उड्या, बीला 50, सीला 200, डीला 500. खरं वजन असतं ते सह्यांच्या कार्डाला, जिथे एकेक कौशल्य जमलं की इन्स्ट्रक्टर सही करतो. एसाठी आपलं मुख्य पॅराशूट आपणच घडी करून भरता यायला हवं, लक्ष्यापासून 20 मीटरच्या आत पाच वेळा उतरायला हवं आणि शेवटी इन्स्ट्रक्टरबरोबर परीक्षेची उडी. बीच्या आधी हार्नेससकट (पॅराशूटच्या पट्ट्यांसकट) पाण्यात उतरण्याचा सराव करावा लागतो. यातल्या एकाही चौकटीत तुम्ही उगाच सही केली नाहीत. पॅराशूट भरताना माझ्या दोऱ्यांना पीळ पडला, तेव्हा काही न बोलता सगळं परत उलगडायला लावलंत. दोनदा!

तुम्ही त्या जागी कसे पोचलात, हे मला कोचच्या तयारीत कळलं. कोच व्हायला बी लायसन्स आणि 100 उड्या पुरतात. एएफएफ इन्स्ट्रक्टरला, म्हणजे तुमच्यासारखं विद्यार्थ्यासोबत उडी मारून शिकवणाऱ्याला, मात्र सी लायसन्स आणि फ्रीफॉलचे, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी हवेत पडण्याचे, सहा तास लागतात. एका उडीत जेमतेम मिनिटभर फ्रीफॉल मिळतो, म्हणजे साडेतीनशेहून जास्त उड्या. वर परीक्षेत परीक्षकच विद्यार्थी बनतो, मुद्दाम गरगर फिरतो, पॅराशूट उघडायचं विसरतो आणि उमेदवारानं त्याला हवेत गाठायचं. टँडमसाठी, म्हणजे नवख्याला स्वतःला बांधून उडी मारायला, डी लायसन्स, 500 उड्या आणि या खेळातली तीन वर्षं. माझ्या चौथ्या उडीला तुमचा हात वेळेवर आला, तो एवढ्या सगळ्यातून आला होता. तेव्हा मी साधं “थँक्यू”सुद्धा म्हटलं नव्हतं.

आज म्हणतो. सर, खूप खूप आभार.

आता एक मागणं. माझ्या 112 उड्या झाल्यात. दोनशेवी तुमच्याबरोबर मारायची आहे. विमानातून बाहेर पडताना आधी तुम्ही, मागोमाग मी. तेवढा दिवस माझ्यासाठी राखून ठेवा.

तुमचाच,
एक विद्यार्थी