पेन्सिलीएवढं रॉकेट

कोल्हापूर

प्रिय दत्ता,

स.न.वि.वि.

तुझं पत्र मिळालं. ‘रॉकेट म्हणजे कोट्यवधींचा कारभार, आपल्या पोरांनी त्या वाटेला कशाला जायचं?’ हे तुझं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. तुझ्या ओंकारला रॉकेटचा नाद लागलाय तर लागू दे. ही विद्या कितीतरी ठिकाणी हात आखडता असतानाच वाढली आहे.

जपानचंच बघ. युद्ध हरल्यावर १९५२ पर्यंत त्यांना विमानं बनवायला बंदी होती. विमानांचे आराखडे करणारे हिदेओ इतोकावा पुढे रॉकेटकडे वळले. बारीक नळीसारखं जे घन इंधन मिळालं, त्याला बेतून त्यांनी रॉकेट केलं. लांबी २३ सेंटिमीटर, जाडी १.८ सेंटिमीटर, वजन सुमारे २०० ग्रॅम. नाव ठेवलं पेन्सिल. १२ एप्रिल १९५५ ला टोकियोजवळ कोकुबुंजीला ते सगळ्यांसमोर सोडलं, तेही आडवं! वाटेत ओळीनं कागदी पडदे उभे केले होते आणि त्यांवर बारीक तारा. पडदा फाटला की तार तुटायची. कुठली तार कधी तुटली त्यावरून वेग काढायचा, आणि भोकं बघून रॉकेट कसं गेलं ते ताडायचं. दत्ता, मोजमापाची ही रीत वाचून मी हरखूनच गेलो. १९५८ मध्ये त्याच मंडळींचं कप्पा-६ सुमारे ६० किलोमीटर उंच गेलं.

अमेरिकेत जेम्स व्हॅन अ‍ॅलन या शास्त्रज्ञांनी १९५२ पासून आणखी वेगळी शक्कल लढवली. छोटं घन इंधनाचं डीकन रॉकेट फुग्याला टांगून वर न्यायचं आणि दाट हवा खाली राहिली की मग पेटवायचं. एरवी ते रॉकेट एवढं उंच गेलंच नसतं.

द्रव इंधन म्हटलं की टाक्या, व्हॉल्व्ह, पंप नाहीतर दाबाचा गॅस, सगळं आलं. घन इंधनात हलणारे भाग जवळजवळ नाहीतच. पण सोपं समजू नकोस. जळायला ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखं बंधक कालवून तो लगदा नळीत ओततात. मध्ये कोअर, म्हणजे पोकळी राखणारा गाभा, उभा असतो, आमच्या फाउंड्रीत असतो तसाच. लगदा घट्ट झाल्यावर तो काढला की राहिलेल्या पोकळीच्या भिंती जळतात. पोकळी साधी गोल असेल तर ती रुंदावत जाते, जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि जोरही वाढतो. चांदणीसारखी बेतली तर जोर बराचसा एकसारखा राहतो. आमच्याकडे कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघाला तर ते पुन्हा भट्टीत जातं. तिथं चीर राहिली तर ज्वाळा आत घुसते, दाब एकदम चढतो आणि नळीच फुटते. म्हणून ओंकारला बजावून ठेव, घरी पाइपात दारू ठासायची नाही म्हणजे नाही.

आपल्या देशाचंही तेच. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबाहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकेचं, नाइके-अपाचे. त्याचा खालचा टप्पा क्षेपणास्त्रासाठी बनवलेल्या मोटरचा. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला, आपलं रोहिणी-७५ गेलं. व्यास ७५ मिलिमीटर, इंधन कॉर्डाइटचं, म्हणजे तोफेत वापरतात त्या बिनधुराच्या दारूचं, उंची जेमतेम १० किलोमीटर. एवढी उंची तर फुगाही गाठतो, पण आपल्याला आधी रॉकेट करायला शिकायचं होतं. त्याच सुमारास आपले वसंत गोवारीकर इंग्लंडहून थुंबाला आले, घन इंधनात मुरले आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. ओंकारला हे नाव नक्की सांग.

स्वस्ताईचा खरा उपयोग मला इथंच दिसतो. हवामानाचे फुगे साधारण ३५ किलोमीटरपर्यंत पोहोचतात आणि उपग्रह खूप वरून फिरतात. मधल्या हवेत जाऊन वारा मोजायचा तर रॉकेटच हवं, आणि वारा एकदा मोजून भागत नाही. पुन्हा पुन्हा सोडता येईल असं रॉकेट नसतं तर हे काम झालंच नसतं.

मे महिन्यात ओंकारला महालक्ष्मीत बसवून दे. सकाळी स्टेशनवर मी येतो. शिरोलीला आमच्या फाउंड्रीत नेऊन कोअर कसा बसवतात, ओतकाम कसं होतं ते दाखवतो. पायात बूट असू देत, चप्पल घालून भट्टीजवळ सोडत नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अशोक