नंद्या, 1813 मिळालं, पण...

प्रिय नंद्या,

मिळालं रे. सिमियन नॉर्थचं 1813 मॉडेलचं पिस्तूल मिळालं. मिडलटाउनला बनलेल्या लष्करी पिस्तुलांचा माझा सेट पूर्ण झाला.

घरात सांगितलं तर सुमन म्हणाली बरं झालं, आता जेवायला बसा. चिरंजीवांनी अंगठा पाठवला. त्यांचं काही चुकत नाही, पण मला हे अशा माणसाला सांगायचं होतं जो ऐकल्या ऐकल्या विचारेल "लॉक उघडून बघितलंस का?" गणपतीनंतर आपलं बोलणं नाही, दिवाळीच्या तुझ्या मेसेजलाही उत्तर राहिलं, शिव्या घालायच्या त्या फोनवर घाल, आधी हे वाच. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, सुमनचा खांदा आता वर जातो. झालं.

तू आला होतास तेव्हा पाच बघितली होतीस. सिमियन नॉर्थची 1816 आणि 1819, मग रॉबर्ट जॉन्सनचं 1836, आणि 1842 ची दोन, एक हेन्री ॲस्टनचं, एक आयरा जॉन्सनचं. सगळी एकाच गावातली, आणि ते गाव माझ्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. नदीकाठचं एवढंसं गाव, आणि अमेरिकन लष्कराच्या घोडेस्वारांना पिढीभर पिस्तुलं इथून गेली. आता तू लगेच म्हणणार 1826 चं कुठंय. अरे ते नेव्हीचं. आणि 1811 चं सिमियन नॉर्थ इथल्याच बर्लिन गावात असतानाचं. मी लष्कराची आणि मिडलटाउनची एवढीच म्हटलं होतं आणि पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय, त्यावरून परत वाद नको. 1799 चं नॉर्थ-चेनी तर घर विकून येतं, त्याचं नावही काढू नकोस.

तर जागा रिकामी होती ती 1813 ची. ते मुळात झालंच थोडं. कॉन्ट्रॅक्ट 20,000 चं, सात डॉलरला एक, पण नळी .69 इंचाची, म्हणजे मस्केटची, पायदळाच्या लांब बंदुकीचीच गोळी. ती एका हातात धरून मारायची, घोड्यावर बसून. मनगटाचं काय होत असेल तूच विचार कर. म्हणून मग नळी .54 वर आणली आणि कॉन्ट्रॅक्टमधली उरलेली सगळी 1816 चं मॉडेल म्हणून गेली. त्यामुळे 1816 शोधलं की सापडतं, 1813 साठी कुणीतरी वर जाईपर्यंत थांबावं लागतं. इथल्याच एक म्हाताऱ्या कलेक्टरबाई होत्या, त्या गेल्या, घरच्यांनी सगळं विकायला काढलं आणि ओळखीच्या डीलरने पहिला फोन मला केला.

पैशासाठी 1855 विकलं. हो, तेच, दस्ता लावला की कार्बाइन होणारं, मेनार्डच्या पट्टीवालं. तू "अरे ही तर दिवाळीतल्या टिकल्यांची पट्टी!" म्हणून ओरडला होतास, आणि ही आयडिया एका दातांच्या डॉक्टरची म्हटल्यावर दिवसभर दात दाखवत फिरत होतास. ते स्प्रिंगफील्डचं, या सेटमध्ये त्याचं काम नव्हतं, पण न्यायला माणूस आला तेव्हा खरंच तुझी आठवण आली. पट्टीचं झाकण एकदा उघडून बंद केलं आणि दिलं.

आता मुद्द्यावर येतो. झोप उडालीय माझी.

पार्सल आलं, हात धुतले, सुती हातमोजे घातले, भिंग घेतलं. लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, तिच्या बाहेरच्या प्लेटवर नॉर्थचं नाव, गरुड, मागे मिडलटाउन. पिस्तुलाच्या घोड्याच्या जबड्यात चकमक धरलेली, पॅन म्हणजे रंजकाची वाटी, फ्रिझन म्हणजे चकमक आपटते ती पोलादी पट्टी, स्प्रिंग, सगळं जागच्या जागी. डीलरने लिहून दिलंय, ओरिजिनल फ्लिंट, म्हणजे मुळापासून चकमकीचंच. पण नळीवर रंजकाचं भोक आहे ना, ज्यातून जाळ आतल्या दारूत जातो, त्या भोकाभोवती एक गोल आहे. लाइट तिरका पाडला तर दिसतो, पेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडा मोठा, रंगाने किंचित फिका, आणि लाइट सरळ केला की गायब. सुमनला दाखवला तर तिला दिसला नाही. मुलाला फोटो पाठवला तर म्हणाला बाबा, एक्सपोजर कमी करा. पण आहे तो. मी चाळीस वर्षं पार्ट तपासून पोट भरलंय, मला गोल दिसला म्हणजे गोल आहे.

1840 नंतर चकमकीची हत्यारं टोपीवर, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर केली ते तुला माहितीये. पॅन काढून टाकायचं, फ्रिझन काढायचं, भोक मोठं करून त्यात ड्रम म्हणजे छोटं पोकळ नळकांडं पिळायचं, ड्रमवर टोपी बसवायचं निपल, आणि चकमकीचा घोडा जाऊन त्या जागी टोपीवर आपटणारा घोडा. हत्यारं टोपीवर करायचं काम सरकारी आर्सेनलमध्येही झालं, पद्धती वेगवेगळ्या, आणि गावोगावच्या गनस्मिथनेही केलं. मग पुढे कलेक्टर आले. त्यांना चकमकच पाहिजे, चकमकीला भाव. की लगेच हुशार लोकांनी ड्रम काढले, भोकात बुश म्हणजे धातूचं बूच ठोकलं, बारीक भोक परत पाडलं, कुठून तरी घोडा-फ्रिझन आणून लावलं, ॲसिडने जुनं केलं आणि विकलं. इथे हा धंदा जोरात चालला आहे आणि अजून चालतो.

माझं म्हणणं नीट समजून घे, कारण डीलरला ते समजत नाही, तो फक्त किमतीचं बोलतो. हे पिस्तूल टोपीवर केलेलं असतं आणि तसंच राहिलं असतं ना, तर मी डोळे झाकून घेतलं असतं. त्यात खोटं काय आहे? नोकरीवर होतं, जमाना बदलला, ते बदललं, परत नोकरीवर गेलं. पण तिथून परत मागे आणलेलं म्हणजे त्याच्या आयुष्यातली ती सगळी वर्षं कुणीतरी गिऱ्हाइकासाठी कानशीने घासून टाकली. ते मला चालणार नाही. बाकीच्या पाचांच्या शेजारी मी ते ठेवू शकत नाही. आणि ते ठेवता येणार नसेल तर सेट पूर्ण झाला म्हणून तुला पहिल्या ओळीत लिहिलंय त्याला अर्थ काय?

आणि नुसत्या गोलावरून सिद्ध काहीच होत नाही, हीच तर गोम आहे. एक्स-रे काढता येईल, आमच्या जुन्या कंपनीतला एक पोरगा तयार आहे. समजा बुश दिसला. पण चकमकीच्या हत्यारात रंजकाचं भोक जळून जळून मोठं होतंच, आणि झालं की त्या काळीही बुश बसवून नवीन भोक पाडायचेच. म्हणजे बुश प्रामाणिकही असू शकतो. एक्स-रे फक्त सांगेल बुश आहे. कुणी बसवला आणि का बसवला ते सांगणार नाही.

आता गंमत ऐक. नॉर्थचं ते 1813 चं कॉन्ट्रॅक्ट, त्यातली अट तुला एकदा सांगितली होती. कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग वीस हजारांतल्या कुठल्याही दुसऱ्या पिस्तुलाला बसला पाहिजे. 1813 साली! माणूस मूळचा विळ्या-कोयत्यांच्या जातीचा, गवत कापायची मोठी पाती करायचा शेताशेजारच्या कारखान्यात, आणि त्याने ही सही केली. 1808 मध्येच त्याने नेव्हीच्या मंत्र्याला कळवलं होतं की एका माणसाला एकच भाग दोन हजार होईपर्यंत करू दिला तर चौथा हिस्सा मेहनत वाचते. हे वाचून मी तुला म्हणालो होतो, बघ, फिटिंग शिकवणारे आपले मास्तर बरोबर होते, गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, बसला की जॉब पास, कुणी केला याला महत्त्व नाही. आणि तू फिटिंग शॉपमधलं जुनं तुणतुणं काढलंस, की गेज आंधळा असतो, हात दिसतो. केवढे भांडलो होतो त्या रात्री, सुमनने लाइट बंद केले तरी अंधारात चालू.

आता तू माझाच मुद्दा माझ्यावर उलटवणार, मला माहितीये. म्हणशील, समजा घोडा बदललेला आहे, पण नॉर्थच्याच दुसऱ्या 1813 वरून काढून लावलेला आहे, तर नॉर्थच्या अटीप्रमाणे तो बरोबरच की! गेज पास! मग रडतोस कशाला? नंद्या, याचं उत्तर मी शोधतोय. गेजचं माझं म्हणणं कारखान्यापुरतं अजूनही तेच आहे. पण पिस्तूल एकदा कारखान्यातून बाहेर पडलं, कुणाच्या तरी खोगिराच्या होल्स्टरमध्ये बसलं, की त्याचा घोडा त्याचा. दोनशे वर्षं एकमेकांवर घासून एकमेकांची झीज एकमेकांवर उमटते, तिथे गेज लावून चालत नाही.

म्हणून तुला लिहितोय. मला तुझे डोळे पाहिजेत.

आठवतंय का, शिऱ्याने टेस्टचा जॉब हॉस्टेलवर पक्याकडून करून आणला होता. मास्तरांनी व्हर्नियर लावला, ट्रायस्क्वेअर लावला, पास केला. आणि तू लांबूनच म्हणालास, हा पक्याचा आहे, परतीच्या स्ट्रोकला कानस उचलत नाही तो. शिऱ्याचा चेहरा! मास्तरांनी दोघांनाही परत करायला लावला होता आणि पक्या तुझ्याशी किती तरी दिवस बोलला नव्हता.

तेच इथे करायचंय. येल युनिव्हर्सिटीत रॉबर्ट गॉर्डन म्हणून एक प्राध्यापक होते, त्यांनी त्या काळच्या बंदुकांच्या लॉकवरच्या खुणा मायक्रोस्कोपखाली तपासल्या. मशीनं आली तरी शेवटचा हात कानशीचाच होता असं त्यांना दिसलं. वाचून मी टेबलावर हात आपटला होता, कारण हे तू मला फुकट सांगत होतास. तर, नॉर्थच्या काळातल्या कानशी हाताने छिन्नी मारून दाते पाडलेल्या. दात्यांमधलं अंतर कुठेतरी चुकतंच. मशीनवर कापलेल्या कानशी नंतर आल्या, त्यांचे ओरखडे कसे एकसारखे पडतात ते तुला सांगायला नको. म्हणजे घोड्याच्या आतल्या अंगाला आणि पॅनच्या खालच्या बाजूला, जिथे कुणी पॉलिश करत नाही, तिथे जर ओरखडे एकसारखे असतील तर संपलं. नसतील तर मी सुटलो.

लॉक उघडलं मी. स्क्रूच्या खाचा न दुखावता, त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर त्या खाचेच्या मापाचा घासून घेतला. मॅक्रो लेन्सने फोटो काढलेत, सोबत पाठवतोय, मोठ्या स्क्रीनवर बघ, फोनवर बघू नकोस. तुलनेला 1816 च्या त्याच भागांचेही काढलेत कारण ते कधी बदललेलं नाही याची खात्री आहे. मला घोडा जुना वाटतो. मानेच्या आत एक ओरखडा तिरका गेलाय आणि त्याच्या शेजारचे दोन जवळजवळ आलेत, ते मशीनच्या कानशीचं काम नाही. पण पॅनची खालची बाजू बघून पोटात गोळा येतो. फार स्वच्छ आहे. आणि फ्रिझनच्या स्प्रिंगचा स्क्रू, त्याचे आटे नीट बघ, मला ते टोकदार वाटतात, लॉकच्या बाकीच्या स्क्रूंचे आटे गोलसर आहेत. एकाच लॉकमध्ये दोन प्रकारचे आटे का असावेत? नंतर हरवलेला स्क्रू कुणी बदलला असेल, हेही शक्य आहे. रात्री हेच चालू असतं डोक्यात. सुमन म्हणते माणसाच्या बायोप्सीला कुणी एवढी काळजी करत नाही.

डीलर भला आहे, म्हणाला महिनाअखेरपर्यंत शंका असेल तर परत घेतो, पैसे परत. म्हणजे परत करता येईल. पण परत केलं आणि ते खरं निघालं तर? दुसरं माझ्या हयातीत येईल का?

आणि पुण्याला आण, हातात घेऊन सांगतो, असं म्हणू नकोस. इथे 1898 आणि त्याआधीचं म्हणजे कायद्याने अँटीक, पोस्टाने घरी येतं. आपल्याकडे विमानतळावर हे पिस्तूल बॅगेतून निघालं तर तुला मला भेटायला भलत्याच ठिकाणी डबा घेऊन यावं लागेल. तूच ये. व्हिसा आहे ना अजून? गुडघ्याचं ऑपरेशन झालं का पुढे ढकललंस? करून टाक रे. चिंचवडचा फ्लॅट ताब्यात आला ऐकलं, अभिनंदन, वास्तुशांत करताय ना, तारीख कळव. मनूच्या नोकरीचं काय झालं? वहिनींच्या हातचा लसणाचा ठेचा संपून युगं झाली असं सांग त्यांना.

फोटोंना नंबर टाकलेत. 4 आणि 9 आधी बघ, 4 म्हणजे घोड्याची आतली बाजू आणि 9 पॅनची खालची. 11 स्क्रूचा. बाकीचे नंतर. बघताना माझं मत डोक्यातून काढून टाक, मुद्दाम उलट बाजूने बघ, शिऱ्याचा जॉब बघितला होतास तसा. आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस, खोटं निघालं तर खोटं म्हण, मी पाकीट बांधून परत पाठवीन. पक्याला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, नाहीतर तो आधी किंमत विचारेल.

रविवारी तुझ्या संध्याकाळी फोनजवळ थांब, मी सकाळी उठलो की करतो.

तुझा,
बाळ्या